शटरआडचा हात

मंचरला हायवेच्या कडेला, कांद्याच्या वखारी संपतात तिथं चांगदेवचं गॅरेज आहे. बेल्ह्याच्या बाजाराला बैल नेणारे टेम्पोवाले आणि बटाट्याच्या पिकअपवाले त्याचं नाव हटकून काढतात. इंजिनाच्या पोटात अडकलेला बोल्ट असो की वर्षानुवर्षं लोखंडाला चिकटून बसलेला रबरी पाइप, लोक सांगतात, "चांगदेवभाऊकडं न्या राव. त्याचा हात लई बारीक."

आता चांगदेवचा हात ज्यानं पाहिला आहे त्याला हे ऐकून हसूच येईल. भाकरीएवढा पंजा आणि कुदळीच्या दांड्यासारखी बोटं. इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये ती बोटं शिरली तर अडकून बसायची. बारीक हात होता त्याच्या बायकोचा, जयाचा.

लग्न होऊन जया नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. गॅरेज म्हणजे तेव्हा चार पत्र्यांचा आडोसा. दुपारची ती भाकरी घेऊन गेली तर चांगदेव एका टेम्पोच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून शिव्या देत होता. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक बोल्ट होता. तिथं पाना जाईना, नजर तर मुळीच पोचेना. जया थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मी घालू का हात?"

"तू? भाकरी थापायची हाय का तिथं?"

पण दुसरा इलाज नव्हता. जयानं हात घातला तर बांगड्या पत्र्याला अडल्या. तिनं त्या तिथंच, डिझेलच्या डब्याशेजारी काढून ठेवल्या. डोळे मिटले. आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तशी तिची बोटं बोल्टभोवती फिरली आणि पाना कुठून बसेल ते त्यांना कळलं. बोल्ट सुटला. त्या दिवशी चांगदेवनं भाकरी दोघांसाठी वाढून घेतली.

बांगड्या परत हातात चढल्या नाहीत. रोजच काढायच्या तर घालायच्या कशाला! सासू जानकाबाई हयात होती तोवर येताजाता टोचायची, "माझा ल्योक जिता हाय अजून. अन् ही बघा, हात मोकळं करून बसली." आळीतल्या बायाही हळदीकुंकवाला हात पुढे केला की आधी मनगटाकडे बघायच्या. जया ऐकून घ्यायची. ती मनात म्हणायची, तुमच्या हातात बांगड्या आहेत, माझ्या हातात काम आहे. पण हे मोठ्यानं म्हणता येत नव्हतं, कारण चांगदेवनं पहिल्याच महिन्यात बजावून ठेवलं होतं.

"गिऱ्हाईकाला कळता कामा नये. आपल्या लोकांचं हायवेवर हे पयलं गॅरेज. बरेच जण टपून बसलेत, कुठं काय सापडतंय का म्हणून. बायको इंजिनात हात घालती म्हणल्यावर हसतील, अन् गाड्या दुसरीकडं नेतील."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गावकीची कामं सोडून पुण्याला कारखान्यात काम शिकायला गेलेला तो घरातला पहिला माणूस. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावून त्यानं गॅरेज उभं केलं होतं, आणि कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही हा त्याचा हट्ट होता. तेव्हा रीत पडली ती अशी. अवघड काम आलं की चांगदेव गिऱ्हाईकाला म्हणायचा, "पावणं, जरा टपरीवर चहा घेऊन या, तवर काढतो." मग शटर गुडघ्यापर्यंत खाली यायचं आणि मागच्या दारानं जया आत यायची.

तिचं काम बघण्यासारखं होतं, पण बघणारं कोणी नव्हतं. चिकटलेला पाइप ती कधी ओढायची नाही. ओढला की तोटीच मोडते. आधी उकळत्या पाण्याची चरवी त्यावर सोडायची, रबर नरम झालं की पाइप जागच्या जागी डावा-उजवा फिरवायचा, वासराचं तोंड आचळापासून सोडवावं तसा. आणि तरी नाहीच सुटला, तर पात्यानं लांबीत चिरून सोलून काढायचा. रबर मेलं तरी चालेल, तोटी जगली पाहिजे. गंजलेला बोल्ट ती आधी केसभर कसायची आणि मग सोडायची. "चिडलेल्या माणसाला आधी हो म्हणावं लागतं," असं ती म्हणायची.

आणखी एक सवय तिनं स्वतःला लावून घेतली होती. इंजिनात हात घालण्यापूर्वी गाडीची किल्ली काढून कमरेला खोचायची. किल्ली कमरेला असली की गाडी कोणाच्या बापाला सुरू करता येत नाही. एवढ्या वर्षांत या सवयीनं तिला कधी दगा दिला नव्हता.

मुलगा संघर्ष आयटीआय करून आला आणि गॅरेजचं रूप पालटलं. साध्या दुरुस्तीत त्याचा जीव रमेना. तो जुन्या जीपा घ्यायचा, त्यांचं थकलेलं इंजिन उतरवून दुसरं दणकट इंजिन बसवायचा, टर्बो लावायचा, रुंद टायर घालायचा. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकायचा. आता गंमत अशी की इंजिन बदललं की सगळ्याच जागा अडचणीच्या होतात. ज्या खोबणीत एक इंजिन मावत होतं तिथं दुसरं मोठं कोंबायचं, म्हणजे बोल्ट सगळे कोपऱ्यांत जातात. जयाचं काम दुपटीनं वाढलं.

व्हिडिओत हातच काय तो दिसायचा. तोही काळ्या हातमोज्यातला.

"हातमोजा कशाला रं? बोटांना काय लागतंय ते कळत न्हाई त्यात."

"आई, व्हिडिओपुरता घाल. बाईचा हात दिसतो मग."

"बाईचाच हाय."

"आहे गं. पण लोक काय काय लिहितात तुला नाही माहीत." आणि मग तिचा चेहरा बघून तो म्हणायचा, "थांब, एक मोठं काम होऊ दे. मग मीच तुला समोर बसवतो अन् सांगतो, ही माझी आई, हा हात हिचा. बघच तू."

जया हसून सोडून द्यायची. पण ते वाक्य तिनं मनात जपून ठेवलं. दागिना तिला कधी नको होता, बोर्डावर नाव यावं असंही तिला वाटत नव्हतं. चार माणसांत मुलानं एकदा तेवढं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

ते मोठं काम घोड नदीपलीकडच्या गावातून आलं. समर्थ नावाचा मुलगा, बापजाद्यांची बागायत, दारात शर्यतीचे बैल. त्याला आजोबांच्या जीपमध्ये टर्बोचं इंजिन हवं होतं. गावच्या यात्रेत देवाच्या काठीपुढं ती जीप चालणार होती. समर्थ बोलायला गोड. जयाला 'मावशी' म्हणायचा. चहा मात्र टपरीवरून मागवायचा. जयानं आणलेला कप एकदा तसाच गार झाला, तेव्हापासून तिनं आणायचं सोडलं. त्याबद्दल ना तो काही बोलला, ना घरातलं कुणी.

जीप तयार झाली. नव्या इंजिनापुढं मूळचा पट्ट्यावरचा पंखा मावत नव्हता, म्हणून संघर्षनं भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा बसवला. लोखंडी पात्यांचा. जागा कमी म्हणून त्याची जाळी काढून टाकली. आणि इंजिन तापलं की पंखा आपोआप फिरावा म्हणून त्याची वायर किल्ली वगळून सरळ बॅटरीला जोडली. हे सगळं त्यानं समर्थला हौसेनं समजावून सांगितलं, व्हिडिओतही सांगितलं. आईला सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी गाडी फिरवून आणली, तर टर्बोचा हवेचा पाइप एका बाजूनं तिरका बसलेला, फुसफुस आवाज येत होता. काढून पुन्हा बसवायला हवा होता. त्याच्या क्लिपचा बोल्ट नेमका आतल्या अंगाला, पंख्याच्या मागं. समर्थ बाहेर उभा होता. त्याला टपरीवर पाठवलं, शटर खाली आलं.

"गरम आहे तोवर लवकर निघेल पाइप," संघर्ष म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. जयानं किल्ली काढली, कमरेला खोचली, डोळे मिटले आणि हात आत घातला. बोल्ट लगेच सापडला. तिनं तो केसभर कसला. सोडायला लागली आणि बंद असलेल्या गाडीचा पंखा एकदम फिरला.

ती ओरडली नाही असं चांगदेव नंतर घरात सांगायचा, कौतुकानं. ती ओरडली होती. टपरीवर गाणी मोठ्यानं लागली होती, एवढंच. सून स्नेहा धावत आली, तिनं आपल्या ओढणीनं हात गुंडाळला. कमरेची किल्ली खाली पडली होती, ती जयाच्या पायाखाली आली.

दवाखान्यात नेताना, मोटारसायकलवर मागं बसवायच्या आधी, चांगदेव तिच्या कानाशी वाकला. "कडबाकुट्टीत गेला म्हणून सांग."

चारा कापायच्या यंत्राचं इथं काय, जयाला आधी कळलंच नाही.

"गाडी उद्या देवापुढं चालायचीय. तिच्यावर रक्त सांडलं म्हणल्यावर ती लोकं आपल्याला ठेवतील का? अन् गॅरेजात बाईमाणूस काय करत व्हतं, ते इचारतील."

तिनं संघर्षकडे पाहिलं. तो फडक्यानं जीपचा बंपर पुसत होता. वर मान न करता म्हणाला, "आई, आजच्या दिवस."

दवाखान्यातली नर्स, रत्ना, तोंडाची फटकळ होती. पट्टी सोडताना म्हणाली, "कडबाकुट्टी? जनावरं किती हायेत?"

"दोन," जया म्हणाली. त्यांच्या दारात कोंबडीसुद्धा नव्हती.

"अन् कडबाकुट्टीला ग्रीस लई लावता वाटतं तुमी? नखात भरलंय समदं."

रत्नानं चांगदेवकडे एकदा पाहिलं आणि ती जखम धुवायला लागली. तर्जनी अर्धी गेली. मधलं बोट वाचलं, पण ते वाकायचं बंद झालं आणि त्याला काही कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी जीप वाजतगाजत देवापुढं चालली. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. त्यात तिचाच हात होता, आधी घेतलेला, काळ्या हातमोज्यातला. स्नेहानं खाटेशी बसून तिला दाखवला. खाली लोकांनी लिहिलं होतं, भावाच्या हातात जादू आहे, भाऊ एकच नंबर. संघर्षनं प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. जयानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तो संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लाव." दुसऱ्यांदा पाहताना तिनं आवाज बंद करायला सांगितला.

आळीतल्या बाया भेटायला आल्या. प्रयागबाई खोचकपणात सगळ्यांच्या पुढं. ती म्हणाली, "कडबाकुट्टी कुणाची गं व्हती? आमी तर तुमच्या दारात शेणाची पाटी कदी बघितली न्हाई." आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. दुःखालाही खोट्याचा वास लागला की ते कोणी मनावर घेत नाही. जया रडली असती तर ते कशासाठी हेही तिला खरं सांगता आलं नसतं.

जखम भरली. आणि एक दिवस चहा पिताना तिला दिसलं की चांगदेव स्नेहाच्या हाताकडे बघतो आहे. स्नेहाचं माहेर डिंभ्याचं, धरणाच्या काठचं. अंगानं काटकुळी, बोटं लांबसडक. कपबश्या उचलताना ती बोटं बशीखालून अलगद फिरली, आणि चांगदेवची नजर त्यांच्यामागून फिरली. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. बाजारात पाना घेताना तो याच नजरेनं बघायचा.

म्हणूनच त्याच दिवशी जया सुनेला घेऊन बाजारात ठमाबाईच्या बांगड्यांच्या दुकानी गेली.

"जयाबाई, तुमी अन् बांगड्या? सूर्व्या कुणीकडं उगावला आज?"

"मला न्हाई, सुनंला. कोपरापातूर भर. अन् तंग भर, उतरल्या न्हाई पायजेत."

"पोरीचा हात दुखंल की."

"आता दुखू दे. मागनं दुखण्यापरीस बरं."

ठमाबाईनं साबण लावून, पंजा मोळीसारखा आवळून एकेक हिरवी बांगडी चढवली. स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटेत ती म्हणाली, "आई, आमच्याकडे एवढ्या कोणी घालत नाही हो. मैत्रिणी हसतील." जया म्हणाली, "हसू दे. मी हसवून घेतलंय लोकांकडून आयुष्यभर." आयुष्यभर ज्या बांगड्यांवरून बोल खाल्ले, त्याच आज तिनं सुनेच्या हाती ढालीसारख्या चढवल्या होत्या. यापुढं तो हात कुठल्याही फटीत जाणार नाही. तिला वाटलं, निदान एवढं तरी जमलं.

आठवडाही गेला नसेल. जया सकाळी मोरीवर गेली तर धुण्याच्या दगडावर साबणाचा फेस होता आणि फेसात बांगड्यांचा ढीग. काही फुटलेल्या, बाकीच्या शाबूत. नवऱ्यानं गोड बोलून मागितलं असणार, आणि पोरीनं स्वतःच्या हातानं, सोसून सोसून उतरवल्या असणार. जोरानं ओरबाडलेल्या नव्हत्या, हे जयाला फार लागलं. ती स्वतःही अशीच तर काढून ठेवत आली होती, डिझेलच्या डब्याशेजारी, आपखुशीनं.

गॅरेजच्या पुढच्या बाजूनं समर्थचा आवाज आला. जीपचा तोच पाइप पुन्हा ढिला झाला होता. दोन मित्रांबरोबर तो बाहेर उभा होता. चांगदेवचं नेहमीचं वाक्य ऐकू आलं, "समर्थशेठ, जरा चहा घेऊन या, तवर..." आणि शटर घरंगळत खाली आलं.

जया मागच्या दारानं आत गेली. स्नेहा बॉनेटवर वाकली होती. मनगटांवर बांगड्यांचे लाल वळ. कमरेला किल्ली खोचलेली. कोणी शिकवली होती, की सासूचं बघूनच उचलली होती, कोण जाणे.

"किल्लीनं काय व्हत न्हाई," जया म्हणाली. "बॅटरीची वायर काढलीय का?"

"गाडी थंड आहे आई," संघर्ष म्हणाला. "तू जा ना आत. नको ते मनात आणू नकोस."

"समर्थ आत्ता चालवत आला गाडी. थंड कशी झाली?"

संघर्ष चिडला. "प्रत्येक वेळी तेच व्हायला पाहिजे का? एकदा झालं अन् आता..."

त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, कारण जया शटरकडे चालू लागली होती. तिनं डाव्या हातानं शटर खालून धरलं आणि वर लोटलं. सकाळचं ऊन एकदम आत आलं. समर्थ आणि त्याचे मित्र टपरीकडे निघाले होते, ते आवाजानं वळले. त्यांना दिसली बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून वाकलेली घरची सून, आणि पुढं अर्ध्या बोटाचा हात वर धरून उभी असलेली म्हातारी.

"बघा," जया म्हणाली. "चांगदेवभाऊचा हात म्हणता ना? त्यो हा. तुमच्या गाडीचा एकूणएक बोल्ट ह्या हातानं कसलाय. अन् कडबाकुट्टी न्हाई कुठली. तुमच्या जीपच्या पंख्यानं खाल्ला ह्याला, यात्रंच्या आदल्या दिवशी."

चांगदेव स्टुलावर बसला. स्नेहानं हात बाहेर काढला. आणि कोणी काही म्हणायच्या आत जीपच्या आत पंखा घरघरत फिरायला लागला, अगदी नेहमीच्या कामाला लागावा तसा. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. स्नेहानं आपली बोटं दुसऱ्या मुठीत धरली.

समर्थ दोन पावलं पुढं आला. तो जयाकडे बघेल, हाताकडे बघेल, काहीतरी म्हणेल असं जयाला वाटलं. तो संघर्षकडे बघत होता.

"म्हणजे गाडीवर रक्त सांडलं व्हतं?"

"अरे, धुतली होती लगेच..."

"अन् तीच गाडी तू देवापुढं चालवायला दिलीस? रक्ताची? अन् बायामाणसांनी हात घातलेली? गावाचं वर्षभराचं सगळं वाटोळं करून ठेवलंस राव." मित्राकडे वळून तो म्हणाला, "दोर आण. ओढून न्यायची." जाताना त्याला जया दिसली तेव्हा तो क्षणभर घुटमळला. "मावशी, तुमी तरी त्या दिवशीच बोलायचं ना," म्हणाला. तिच्या बोटाबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

जीप दोराला लागून हायवेवर गेली. पंखा अजून फिरत होता.

बाहेर टपरीवरची माणसं इकडे बघत होती. संघर्षचा चेहरा पांढरा पडला होता. "झालं समाधान?" तो म्हणाला. "एवढं उभं केलं होतं मी. एका मिनिटात मातीत घातलंस. काय मिळालं तुला?"

जयाला काहीच मिळालं नव्हतं. ज्या चार माणसांत ते वाक्य म्हटलं जावं असं तिला वाटायचं, त्या चार माणसांत ते तिनं स्वतःच म्हटलं होतं, आणि ते कोणी ऐकलं नव्हतं.

"उठा, आत व्हा समदी," चांगदेव म्हणाला. "लोकं बघत्यात. शटर घे रं खाली."

संघर्षनं शटर ओढलं. जया उंबऱ्यावर, शटरच्या बरोबर खाली जाऊन बसली. शटर तिच्या डोक्याच्या वर हातभर येऊन थांबलं.

"आई, ऊठ."

ती उठली नाही. मागं स्नेहा मोरीवरून बांगड्या घेऊन आली होती आणि फुटक्यांतून शाबूत निवडत होती. त्यांची बारीक किणकिण येत होती. संघर्षनं शटर पुन्हा थोडं हलवून पाहिलं. जयानं अर्ध्या बोटाचा हात मांडीवर उघडा ठेवला आणि हायवेकडे तोंड करून ती तशीच बसून राहिली.